ग्राहक आयोगाकडे कोणती तक्रार न्यावी?

पेरलेले सोयाबीन उगवले नाही की आपण नशिबाला बोल लावून गप्प बसतो. खरे तर अशी तक्रार बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात चालते. शेतकरी ग्राहक नाही, हा बियाणे महामंडळाचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळला. तपासणीसाठी शेतकऱ्याने बियाणे राखून ठेवावे अशी अपेक्षा करता येत नाही, असेही न्यायालय म्हणाले.

२०१९ च्या कायद्याची कसोटी सोपी आहे. पैसे देऊन वस्तू किंवा सेवा घेतली का? तिच्यात दोष किंवा उणीव निघाली का? पोटापाण्यासाठी स्वतः शिलाई मशीन चालवणारी भगिनी ग्राहक ठरते. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा दुकानदार ठरत नाही.

“मुलाला बोर्डाने गुण कमी दिले, आयोगात जाऊ का?” असे पालक आम्हा शिक्षकांना विचारतात. नाही. परीक्षा घेणे ही ग्राहकसेवा नव्हे, असा २००९ चा निकाल आहे. वकिलाच्या कामाबद्दलची तक्रारही २०२४ च्या निकालानंतर तेथे चालत नाही. सर्वांवर मोफत उपचार करणारे सरकारी रुग्णालयही या कायद्याबाहेर आहे. मेहर, वारसाहक्क, भावाभावांतील वाटणी, हातउसने पैसे यांसाठी न्यायालयाचाच मार्ग धरावा.

५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र दोनच वर्षांची. म्हणून पावती, पिशवी आणि लेबल जपून ठेवा. हक्क मागताना तोच आपला पुरावा.