सोपाऱ्याचा विटांचा स्तूप

कार्ले, भाजे, बेडसे, कान्हेरी अशा लेण्यांच्या मुलखात वाढलेल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे स्तूप म्हटला की चैत्यगृहाच्या टोकाशी अखंड कातळातून कोरून काढलेला, गोल अंडावर, म्हणजे घुमटावर, हर्मिका हा चौकोनी कठडा धारण करणारा आकार उभा राहतो. परंतु हा आकार मूळचा विटामातीच्या बांधकामाचा, आणि कातळातील स्तूप ही त्याची अनुकृती, याचा प्रत्यय घ्यावयाचा झाल्यास डोंगर सोडून समुद्राच्या बाजूला, वसई तालुक्यातील सोपाऱ्यास गेले पाहिजे. नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेस असलेल्या येथील टेकाडास लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत आले. वस्तुतः तो कोट नव्हे, स्तूप होय.

शूर्पारक, म्हणजेच सोपारा, ही अपरान्ताची, जुन्या कोकणाची, बंदरपेठ. ‘दिव्यावदान’ या बौद्ध कथाग्रंथातील पूर्ण हा व्यापारी येथलाच, तो भिक्षू झाला आणि येथे बुद्धासाठी चंदनाचा प्रासाद उभारला गेला, अशी कथा आहे. नाशिकच्या लेण्यातील, क्षत्रप राजाचा जावई उषवदात याच्या दानलेखात भरुकच्छ, दशपूर आणि गोवर्धन यांच्या पंक्तीला या नगराचे नाव येते, तर कार्ल्याच्या चैत्यगृहातील एक स्तंभ सोपाऱ्याच्या एका भाणकाने, म्हणजे धर्मवचनांचे पठण करणाऱ्या भिक्षूने, अस्थिधातूंसह अर्पण केलेला आहे.

डॉ. भाऊ दाजी यांच्या तालमीत तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली या टेकाडाचे उत्खनन केले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांचे त्यांना साहाय्य होते. स्तूपाच्या रचनेत प्रवेशद्वार नसते, गर्भगृह नसते, माणसाने आत पाऊल टाकावे अशी जागाच नसते; भक्ताचा अधिकार प्रदक्षिणेपुरता, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, ती वस्तू भरीव बांधकामाच्या पोटात कायमची बंदिस्त. म्हणूनच भगवानलालांनी मध्यावर खणत जाऊन विटांची पेटीवजा खोली गाठली, तेव्हाच या वास्तूचा खरा आराखडा उलगडला. त्या खोलीत सुमारे दोन फूट व्यासाची, झाकणासह घडविलेली वर्तुळाकार दगडी मंजूषा होती. तिच्या मध्यभागी तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांच्या आत सोन्याचा. सोबत सोन्याची फुले आणि मणी. त्या सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. हे बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष, असा भगवानलालांचा निष्कर्ष होता. सर्वांत मोलाच्या धातूने सर्वांत सामान्य मातीचे रक्षण करावे, यात जी श्रद्धा प्रकट झाली आहे, तिच्यापुढे सांचीच्या तोरणांवरील शिल्पवैभवही मला दुय्यम वाटते.

करंडकाभोवती आठ कांस्यमूर्ती बसविलेल्या होत्या: विपश्यीपासून शाक्यमुनीपर्यंतचे सात मानुषी बुद्ध आणि भावी बुद्ध मैत्रेय. याच ठेव्यात सातवाहन नृपती यज्ञ सातकर्णी याचे चांदीचे नाणे मिळाले. आता नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाचे, आणि मूर्ती शैलीवरून आठव्या-नवव्या शतकांतील मानल्या जातात. तेव्हा हा स्तूप एकदा बांधून विस्मृतीत गेला नाही, शतकांनंतर कोणीतरी तो आदराने उघडून, नवी पूजा मांडून पुन्हा मिटविला, असाच अर्थ निघतो. आणि सातवाहन गेले, तरी सोपाऱ्यातील उपासकांची वहिवाट खंडित झाली नव्हती, ही गोष्ट माझ्या मते त्या सुवर्णाहूनही मोलाची आहे.

हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात गेला. जागेवर राहिला तो केवळ विटांचा गोलाकार ढीग. सबब येथे येणाऱ्याने त्या मंजूषेची माहिती आधी करून घेऊन यावे, नाहीतर पाहण्यासारखे काही नाही असे म्हणून तो आल्या पावली परतेल. मंजूषेची एखादी चांगली प्रतिकृती सोपाऱ्यातच ठेवली गेली, तर गावच्या मुलांना आपल्या भूमीची ओळख पटण्यास फार मोठे साहाय्य होईल.

दुसरी निकड शोधाची आहे. त्याच १८८२ साली येथील भाटेळा तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा, म्हणजे मृगयेऐवजी धर्मयात्रेस निघाल्याची हकीकत सांगणाऱ्या लेखाचा, तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावास सापडला. चौदा लेखांची ही मालिका येथे संपूर्ण कोरली गेली असेल, तर बाकीचे दगड याच हद्दीत, कुठल्या विहिरीच्या काठाला किंवा जुन्या घराच्या जोत्यात बसविलेले असणे शक्य आहे, आणि नव्या इमारतींचे पाये खोदले जात असतानाच तो तपास व्हावयास हवा.