कॅमेरे, नित्योपयोगी

कॅमेरे, नित्योपयोगी : घरगुती प्रसंग, प्रवास इत्यादींची छायाचित्रे हौशी माणसास सहजपणे घेता यावीत म्हणून वापरण्यात येणारे कॅमेरे. काळोखी पेटी, भिंग, झडप व प्रकाशग्राही पृष्ठभाग हे भाग सर्व प्रकारांत समान असतात. प्रकारभेद मुख्यतः दोन गोष्टींवरून पडतो : दृश्य कोणत्या मार्गाने पाहिले जाते आणि प्रकाशग्राही पृष्ठाचे आकारमान किती.

ईस्टमन कोडॅक कंपनीने १९०० मध्ये एका डॉलरला विकावयास काढलेला ‘ब्राउनी’ हा पेटी कॅमेरा होय. त्याचे भिंग पक्के बसविलेले असल्याने अंतर जुळवावे लागत नसे. पण जवळची वस्तू पुसट येई. लायका कॅमेऱ्याने (१९२५) ३५ मिमी. रुंदीची चित्रपटाची फिल्म वापरून २४ × ३६ मिमी. ही चौकट रूढ केली. अशा कॅमेऱ्यांत दृश्यवेधक भिंगापासून अलग असतो. त्यामुळे जवळून चित्र घेताना डोळ्यास दिसणारे व फिल्मवर उमटणारे दृश्य यांत फरक (पराशय) पडतो आणि तान्ह्या मुलाची टाळूच चित्राबाहेर राहते.

हा दोष एकभिंगी परावर्तक कॅमेऱ्यात नाही. त्यात भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून पंचकोनी लोलकामार्गे डोळ्याकडे येतो व कळ दाबताच आरसा वर उचलला जातो. भिंगेही बदलता येतात. मात्र वजन व किंमत वाढते. आरसाविरहित कॅमेऱ्यांत (२००८ पासून) संवेदकावरील प्रतिमाच पडद्यावर दिसत असल्याने पराशय उरत नाही व कॅमेरा आटोपशीर होतो.

भ्रमणध्वनीतील कॅमेरा नेहमी जवळ असतो, हा त्याचा गुण इतर कशानेही भरून निघत नाही. भर उजेडात त्याचे चित्र घरगुती संग्रहास पुरेसे असते. परंतु त्याचा संवेदक बहुधा १० मिमी. पेक्षाही कमी रुंद असतो. २४ × ३६ मिमी. संवेदकाचे क्षेत्रफळ १७·३ × १३ मिमी. संवेदकाच्या सुमारे चौपट भरते. छिद्रांक व प्रकाशनकाल तेच ठेवल्यास एकूण प्रकाशही त्याच प्रमाणात अधिक मिळतो. भ्रमणध्वनीच्या बाबतीत ही तफावत आणखी मोठी असते. अनेक प्रतिमा एकत्र करून ही उणीव काहीशी झाकली जाते. पण दिव्याच्या उजेडात धावणारे मूल स्थिर राहत नसल्याने तेथे ही युक्ती पुष्कळदा फसते. तसेच दूरचे दृश्य केवळ चित्र कापून मोठे केल्यास तपशील वाढत नाही. त्यासाठी लांब केंद्रांतराचे भिंगच लागते.