मोटार नेमकी कोणत्या देशाची?

नवी दिल्ली : जपानी मोटार टिकाऊ, जर्मन मोटार भक्कम आणि देशी मोटार घेतल्यास पैसा देशातच राहतो, ही समजूत भारतीय ग्राहकांमध्ये खोलवर रुजलेली आहे. प्रत्यक्षात बोधचिन्ह एका देशाचे, मालकी दुसऱ्याची आणि कारखाना तिसऱ्याच देशात, असे चित्र आता सर्रास दिसते.

होंडाची 'एलिव्हेट' राजस्थानातील टपूकडा येथे तयार होते आणि २०२४पासून जपानमध्ये 'डब्ल्यूआर-व्ही' या नावाने विकली जाते. गुजरातमध्ये बनणारी 'फ्रॉन्क्स'ही त्याच वर्षी जपानच्या बाजारात उतरली. ब्रिटिश वारसा सांगणाऱ्या 'एमजी'ची मालकी चीनच्या एसएआयसी समूहाकडे आहे, तर जग्वार लँड रोव्हर २००८पासून टाटांच्या ताब्यात आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबईत सादर झालेली अमेरिकी टेस्लाची 'मॉडेल वाय' आली ती शांघायच्या कारखान्यातून. जड सीमाशुल्कामुळे तिची सुरुवातीची किंमत जवळपास ६० लाख रुपयांवर गेली. गाडी कोठे तयार झाली, याचा ग्राहकाच्या खिशाशी असलेला थेट संबंध येथे दिसतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र देशाचे नाव फारसे उपयोगी पडत नाही. 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या मोटारींच्या धडक-चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर केले. त्यात देशी, जपानी, कोरियाई, अमेरिकी आणि जर्मन अशा सर्व नाममुद्रा होत्या. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत पाचही मोटारींना शून्य तारे मिळाले. त्यांतील फोक्सवॅगन पोलोचा सांगाडा धडकेत स्थिर राहिला होता. पण तपासलेल्या प्रकारात एअरबॅग नव्हत्या. दोन एअरबॅग असलेल्या पोलोने त्याच चाचणीत चार तारे मिळवले. कंपनी तीच, देश तोच, फरक केवळ एअरबॅगचा. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे पटकावणारी पहिली भारतीय बनावटीची मोटार ठरली टाटांची 'नेक्सॉन'. ऑक्टोबर २०२३पासून 'भारत एनकॅप' ही देशी चाचणी उपलब्ध आहे. ती ऐच्छिक असल्याने, आपण घेत असलेल्या मॉडेलची चाचणी झाली आहे का, हे ग्राहकानेच विचारावे लागते.

याहून कमी चर्चिला जाणारा प्रश्न कंपनीच्या मुक्कामाचा आहे. जनरल मोटर्सने २०१७च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली, तर फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. दोन्ही कंपन्यांनी सेवा आणि सुटे भाग पुरवण्याचे आश्वासन दिले. पुनर्विक्रीची चिंता मात्र ग्राहकांच्या वाट्याला आली. जनरल मोटर्सचा पुण्याजवळील तळेगाव येथील कारखाना आता कोरियाच्या ह्युंदाईकडे आहे.

देशी मोटारही सर्वस्वी देशी नसते. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा भारतासह जगभरातील वाहन उद्योगाची झोप उडाली. उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत वाहनांसाठी किमान ५० टक्के देशांतर्गत मूल्यवर्धनाची अट आहे, ती याच परावलंबनामुळे. अमेरिकेत नव्या मोटारीवरील पट्टीत जुळणीचे ठिकाण, स्थानिक सुट्या भागांचे प्रमाण आणि इंजिनाचे मूळ छापणे कायद्याने बंधनकारक आहे. भारतीय ग्राहकाला निदान १७ अंकाक्षरी चासी क्रमांक पाहता येतो. भारतात बनलेल्या मोटारींचा हा क्रमांक सर्वसाधारणपणे 'एम'ने, जपानमध्ये बनलेल्यांचा 'जे'ने, तर चीनमध्ये बनलेल्यांचा 'एल'ने सुरू होतो.