बाहेरून दिलेले संप्रेरक

१८८९ सालच्या जून महिन्यात ब्राउन-सेकार ह्या बहात्तर वर्षांच्या विख्यात शरीरशास्त्रज्ञाने पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे असे निवेदन केले की, कुत्र्याच्या व गिनीपिगच्या वृषणांचा अर्क त्वचेखाली टोचून घेतल्यापासून आपली क्षीण झालेली शक्ती आणि उत्साह ही पूर्ववत झाली आहेत. तो प्रामाणिक होता, जे अनुभवले तेच त्याने सांगितले. परंतु अर्क पाण्यात काढलेला होता, आणि ज्या द्रव्याच्या आशेने तो काढला ते पाण्यात जवळजवळ उतरतच नाही, तेव्हा त्याला लाभलेले तारुण्य हे त्याच्या दृढ अपेक्षेचेच फळ मानावे लागते. खरे द्रव्य, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, अॅमस्टरडॅमच्या प्रयोगशाळेत बैलांच्या वृषणांतून शुद्ध स्वरूपात निघाले ते १९३५ साली. आणि त्याच वर्षी बुटेनांट व रुझिच्का ह्यांनी ते कोलेस्टेरॉलपासून कृत्रिम रीतीने सिद्ध केले. आज ते इंजेक्शनाच्या, मलमाच्या आणि गोळ्यांच्या रूपाने बाजारात आहे; पण ते घेणारा मनुष्य ‘आता हुशारी वाटते’ असे म्हणतो, तेवढ्यावरून औषधाचा गुण सिद्ध होत नाही, हा ब्राउन-सेकारच्या प्रकरणाचा धडा अद्याप ताजाच आहे.

ह्या चिकित्सेचा विचार करताना रक्तातील टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण किती कमी आहे ह्याहून ते का कमी आहे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. वृषणे आपल्या मर्जीने काम करीत नाहीत. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून त्यांना संदेश येतात, आणि रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसे झाले की ते संदेश मंदावतात. हा कारभार एखाद्या जुन्या संस्थानासारखा आहे: हुजुरातून हुकूम सुटावा, तालुक्याच्या कचेरीने तो बजावावा, आणि वसुलाचा ताळेबंद पाहून पुढचा हुकूम बेताने निघावा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले म्हणजे ताळेबंद भरलेला दिसतो, हुकूम तहकूब होतो आणि कचेरी ओस पडते.

ज्यांचा हा कारभारच विकाराने बंद पडला आहे त्यांच्या बाबतीत ह्यात गमावण्यासारखे फारसे नसते. एक अधिक एक्स गुणसूत्र घेऊन जन्मलेले क्लाइनफेल्टरग्रस्त पुरुष. ज्यांना वासही येत नाही आणि तारुण्यही आपोआप येत नाही असे कालमनग्रस्त तरुण. पीयूषिकेवरील गाठीने, कर्करोगाच्या औषधांनी किंवा वयात आल्यानंतर झालेल्या गालगुंडाच्या विकाराने ज्यांच्या ग्रंथीची हानी झाली ते रुग्ण. ह्यांना टेस्टोस्टेरॉन हे खरोखर वरदान आहे. आवाज फुटतो, दाढीमिशा येतात, हाडे व स्नायू बळावतात, रक्तक्षय कमी होतो. समवयस्कांच्या मागे राहिलेल्या मुलाला हे औषध वेळेवर मिळाले तर त्याच्या आयुष्याचा ओघच बदलतो, आणि आपल्याकडे संकोचामुळे असे मुलगे वैद्यापर्यंत उशिरा पोचतात ही गोष्ट मनाला लागते.

पन्नाशी ओलांडलेल्या, थकलेल्या, पोट सुटलेल्या गृहस्थाचे प्रकरण निराळे. स्थूलता, मधुमेह, अपुरी झोप आणि अफूच्या जातीची वेदनाशामके ह्या सर्वांनी टेस्टोस्टेरॉन उतरते, आणि वजन घटले की ते पुष्कळदा आपणहून वर चढते. शिवाय ते सकाळी अधिक व सायंकाळी कमी असते, म्हणून उपाशीपोटी सकाळी, दोन निरनिराळ्या दिवशी तपासल्यावाचून निदान करू नये, असा वैद्यकाचा दंडक आहे. अमेरिकेत पासष्ट आणि त्याहून अधिक वयाच्या ७९० पुरुषांवर एक वर्ष चाललेल्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१६ पासून प्रसिद्ध झाले. त्यांत कामेच्छा काहीशी वाढली, हाडांची घनता सुधारली. पण ज्या उत्साहासाठी माणसे औषधाकडे धाव घेतात त्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही, स्मरणशक्तीतही पडला नाही. पुढे २०२३ साली, हृदयविकार असलेल्या अथवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीत हृदयाघात व पक्षाघात वाढले नाहीत, ही दिलासा देणारी गोष्ट खरी. परंतु हृदयाची अनियमित लय, मूत्रपिंडाला अकस्मात होणारी इजा आणि फुप्फुसात अडकणारी रक्ताची गुठळी ह्यांचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत अधिक आढळले. अस्थिभंगही अधिक झाले. हाडांची घनता वाढविणारे औषध हाडे मोडण्यापासून वाचवीलच, हे अनुमान किती उतावळे होते, हे त्यावरून दिसले.

औषध चालू असता रक्तातील तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होते; पेशींचे प्रमाण शेकडा ५४ च्या वर गेले की औषध थांबवावे लागते. प्रोस्टेटची तपासणीही करीत राहावी लागते, आणि तेथे किंवा स्तनात कर्करोग असल्यास साधारणतः हे औषध देत नाहीत. अंगाला मलम चोळणाऱ्याने हात धुतल्यावाचून व ती जागा झाकल्यावाचून लहान मुलाला जवळ घेऊ नये. त्वचेवाटे ते मुलाच्या अंगात गेल्याने अकाली वयात आल्याची लक्षणे दिसल्याचे दाखले आहेत.

सर्वांत अधिक चिंता वाटते ती निरोगी तरुणांची. वैद्याच्या चिठ्ठीवाचून हे औषध विकण्यास आपल्या देशात कायद्याने मनाई आहे, तरी पिळदार स्नायूंच्या लोभाने ते व्यायामशाळांच्या आसपास फिरते. शुक्रजंतू तयार होण्यास वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचे जे प्रमाण लागते ते रक्तातल्याहून कितीतरी अधिक असते; इंजेक्शनाने रक्त भरते, पण वृषण आतून रिते होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० सालच्या प्रयोगात दर आठवड्यास २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलेल्या पुरुषांपैकी बहुसंख्यांच्या वीर्यातून शुक्रजंतू पार नाहीसे झाले. तो प्रयोग संततिनियमनाचाच होता. आपण पौरुष वाढवीत आहो असे समजून तरुण जे घेतो, ते ह्याच जातीचे औषध! बंद केल्यावर शुक्रजंतू बहुधा परततात, पण त्यास महिने, क्वचित वर्षाहूनही अधिक काळ लागतो. म्हणून ज्याला पुढे अपत्य हवे आहे त्याने पहिल्या इंजेक्शनापूर्वीच तसे वैद्याला स्पष्ट सांगावे. कारण दोष पीयूषिकेचा असेल, तर टेस्टोस्टेरॉन न देता तिच्या संदेशांचे काम करणारी इंजेक्शने देता येतात, आणि त्यांनी पुष्कळ रुग्णांची वृषणे स्वतः टेस्टोस्टेरॉन व शुक्रजंतू दोन्ही निर्माण करू लागतात.