जिना हलला की सगळं हलतं

बारावीपर्यंत एकच उत्तर बरोबर असतं. त्या सवयीची मुलं आर्किटेक्चरच्या डिझाइन स्टुडिओत येतात आणि पहिल्याच आठवड्यात विचारतात, "सर, हे बरोबर आहे का?" मी दुसऱ्या वर्षाला शिकवायला जातो, तिथेही हेच ऐकू येतं. या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. स्टुडिओची खरी अडचण इथे सुरू होते; रात्रीची जागरणं त्यामानानं किरकोळ.

गेल्या सत्रात विषय होता गावातलं वाचनालय. खाली पुस्तकं, वर अभ्यासिका. एका मुलीनं नेटका प्लॅन केला आणि जिन्याला एक कोपरा सोडला. मजल्याची उंची ३ मीटर, म्हणजे १५० मिलिमीटरचे २० रायझर (पायरीची उभी बाजू). दोन टप्पे केले तरी प्रत्येकात ९ ट्रेड (पाय ठेवायची आडवी बाजू). ३०० मिलिमीटरच्या हिशेबानं २.७ मीटर, लँडिंग वेगळं. कोपऱ्यात ते मावेना. जिना सरकवला तर वाचनकक्षाची खिडकी गेली, खिडकी वाचवली तर ग्रंथपालाचं टेबल दाराआड गेलं. त्यात जोतं ६० सेंटिमीटरचं. १:१२ उताराचा रॅम्प ७.२ मीटर लांब झाला आणि त्यानं पुढचं अंगणच खाल्लं.

रेखाटनाच्या पारदर्शक कागदाचे, बटर पेपरचे, थरावर थर चढत गेले. स्वतः काढलेली, आवडलेली रेघ सोडून देणं या वयात फार जड जातं. शेवटी तिनं प्लॅन बाजूला सारून सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, काढला. लँडिंग रुंद करून तिथे वाचायला बाक बसला. रॅम्प बाजूच्या भिंतीलगत, कडुनिंबाखालून वळवला आणि तोच सगळ्यांसाठी प्रवेशाची वाट झाला. हे स्क्रीनवर सुचणं अवघड. झूम केलं की संडासही सभागृहाएवढा दिसतो. १:१०० वर हातानं काढताना मापाचं भान सुटत नाही.

मग ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडणं. पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत परीक्षक बंद दाराआड निकाल लावत. आपल्याकडे विद्यार्थी समोर उभा असतो, पण त्याचा उपयोग आपण करून घेत नाही. महिनोन्‌महिन्यांच्या कामावर दहा मिनिटांत "कॉन्सेप्ट स्ट्राँग नाही" एवढाच शेरा मिळाला, तर मुलानं घरी जाऊन नेमकं काय बदलायचं? मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची तर दुहेरी कोंडी होते. ऊन कुठून येतं, आजोबा कुठे टेकतील, हे त्याला नीट ठाऊक असतं. इंग्रजीत सांगताना तो गप्प होतो आणि त्याचं डिझाइनच कच्चं ठरतं. हा अन्याय आहे.

ज्युरीला बसणाऱ्या सहकाऱ्यांना विनंती आहे: मॉडेल चिकटवून झाल्यावर येण्याऐवजी बटर पेपरच्या टप्प्यावर एकदा तरी या, शेऱ्यामागचं कारण सांगा, आणि मुलांना मराठीत बोलायचं असेल तर बोलू द्या.