जामीन झाला, सुटका नाही

निगडीहून येरवडा फार लांब नाही. टिळक चौकातून बस धरली, वाटेत एकदा बदलली, की तास-दीड तासात माणूस मध्यवर्ती कारागृहाच्या दारात उतरतो. तिथून परत यायला मात्र काहींना वर्षे लागतात, आणि त्यातल्या पुष्कळांवर गुन्हा अजून सिद्धही झालेला नसतो.

त्या दगडी भिंती इंग्रजांनी दीडशे वर्षांपूर्वी उभ्या केल्या. गांधीजी तिथे होते, 24 सप्टेंबर 1932 चा पुणे करार तिथेच झाला, म्हणून शाळेच्या पुस्तकात या जेलला मानाचे पान आहे. आजच्या येरवड्याची गोष्ट वेगळी. क्षमता अडीच हजारांच्या आसपास, आणि कैदी कित्येक वर्षे तिच्या दुपटीहून जास्त. एका माणसाच्या जागेत दोघे झोपतात म्हणजे काय होते, ते लहान खोलीत सहा-सात जणांचा संसार करणाऱ्या आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

ही गर्दी गुन्हेगारांची असती तर गोष्ट निराळी होती. पण सरकारच्याच आकड्यांनुसार 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसे होती आणि त्यांतली 4,34,302 कच्चे कैदी होती. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे, किंवा सुरूच झालेला नाही. दर चारांमागे तीन! आपल्या महाराष्ट्रात हे प्रमाण दहात आठ इतके आहे. या कच्च्या कैद्यांत मुसलमान पाचात जवळपास एक. 2011 च्या जनगणनेत आपली संख्या होती 14.2 टक्के. हे वाचून राग येतो आणि तो यावाच. संशयाची सुई आधी कोणाकडे वळते हे आपण जाणतो. तरी केवळ तेवढ्याने हा आकडा उलगडत नाही. दलित आणि आदिवासी भावंडांचे आकडेही असेच बोलतात. ज्याच्याकडे पैसा नाही, ओळख नाही, कागद नाही, तो आत राहतो.

कसा राहतो ते पाहू. समजा, निगडीच्या ओटा स्कीममध्ये भाड्याने राहणारा एक मुलगा. चाकणच्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला, गाव मराठवाड्यात किंवा थेट उत्तर प्रदेशात. मारामारीच्या नाहीतर चोरीच्या गुन्ह्यात नाव आले, पोलीस कोठडी संपली, न्यायालयीन कोठडी लागली. महिन्याभरात वकिलाने सांगितले, जामीन मंजूर झाला. घरी अम्मीने शुक्राने की नमाज पढली. आणि खरी परीक्षा तिथून पुढे सुरू झाली. कोर्टाने 25 हजारांचा जामीनदार मागितला. जामीनदाराकडे ऐपतीचा दाखला हवा, रेशनकार्ड हवे, घराची नाहीतर नोकरीची कागदपत्रे हवीत. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचे सगळे ओळखीचे लोकही भाड्याच्याच खोलीत राहतात. घरमालक दार लावून घेतो. ठेकेदार तर असा मुलगा कधी कामाला होता हेच विसरतो. हातात जामिनाचा हुकूम असूनही मुलगा येरवड्यातच. दर आठवड्याला मुलाकातीसाठी अम्मीची एक दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत आज 18 लाखांहून अधिक माणसे तुरुंगात आहेत, आणि तिथल्या स्थानिक तुरुंगांतल्या बहुतेकांचा खटला अजून व्हायचाच असतो. कलीफ ब्राउडर या सोळा वर्षांच्या काळ्या मुलाला 2010 मध्ये न्यूयॉर्कमध्ये पाठीवरची पिशवी चोरल्याच्या आरोपावरून पकडले. जामीन होता 3 हजार डॉलरचा; घरच्यांना तो जमला नाही. रायकर्स आयलंडच्या तुरुंगात त्याने तीन वर्षे काढली, त्यातला बराच काळ एकट्याच्या कोठडीत. खटला उभा राहिलाच नाही, 2013 मध्ये आरोप मागे घेतले गेले. घरी परतलेला मुलगा मात्र पूर्वीचा राहिला नव्हता. 2015 मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. पुढे सप्टेंबर 2023 मध्ये इलिनॉय राज्याने पैशांचा जामीन पूर्णपणे बंद केला; असे करणारे ते तिथले पहिलेच राज्य.

आपल्या देशातही ही लढाई जुनी आहे, आणि तिच्यावर एका मुस्लिम स्त्रीचे नाव आहे, हे आपल्या घरांत फारसे माहीत नसते. 1979 चा हुसैनारा खातून खटला. बिहारच्या तुरुंगांत अशी माणसे सापडली, जी गुन्ह्याच्या कमाल शिक्षेपेक्षाही जास्त काळ खटल्याची वाट पाहत बसली होती. वकील पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. न्यायमूर्ती भगवतींनी सांगितले, लवकर खटला चालणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्यानंतर हजारो माणसे सुटली.

कायदा तेव्हापासून बराच पुढे आला आहे. 60 किंवा, गंभीर गुन्ह्यात, 90 दिवसांत आरोपपत्र दाखल झाले नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. पण त्यासाठी आरोपपत्र येण्याआधी अर्ज करावा लागतो, आणि नेमका तोच राहून जातो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितेचे कलम 479 सांगते की पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जातमुचलक्यावर सोडावे. इतरांसाठी ही मुदत अर्धी. त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर आहे. जुन्या खटल्यांनाही हे कलम लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये मान्य केले. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांत मात्र त्याचा उपयोग नाही, आणि अंगावर एकाहून अधिक खटले असतील तरी नाही.

जामीन होऊनही अडकलेल्यांबद्दल 31 जानेवारी 2023 चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश तर प्रत्येक घरात माहीत हवा. जामिनानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालय आपण होऊन अट सैल करण्याचा विचार करू शकते. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी केंद्राची योजनाही आहे. कागदावर इतके सगळे आहे. ते कैद्यापर्यंत पोहोचवायला बाहेर कोणीतरी लागते.

इथे हजरत युसूफ (अ.स.) यांची आठवण येते. खोट्या आरोपावरून ते कैदेत गेले. सोबतचा एक कैदी सुटून राजाच्या सेवेत निघाला, तेव्हा त्यांनी त्याला सांगितले, मालकाजवळ माझे नाव काढ. तो विसरला. तेवढ्या विसरण्यापायी अल्लाहचे नबी आणखी काही वर्षे कैदेत राहिले. सूरह युसूफ आपण सगळे पढतो. आपल्या गल्लीतले आत गेलेले पोर आपल्यातले किती जण आठवणीत ठेवतात? उलट त्याच्या बहिणीचे रिश्ते मोडतात आणि धाकट्या भावाला "जेलवाल्याचा भाऊ" म्हणतात.

मशिदींच्या जमातींना एक सुचवावेसे वाटते. कैद्याच्या सुटकेसाठी जकात वापरता येते का, यावर उलमांची मते वेगवेगळी आहेत. आपल्या मुफ्तींना विचारावे. पण रोख जामिनाची एक गोष्ट लक्षात घ्या. आरोपी तारखांना हजर राहिला, तर खटला संपल्यावर ती रक्कम परत मिळते. म्हणजे कर्जे हसनाचा छोटा फंड केला, तर तेच पैसे एका घरानंतर दुसऱ्या घराच्या कामी येतील. स्वतः जामीनदार राहणे मात्र जोखमीचे, हे झाकायचे कारण नाही. आरोपी पळाला तर रक्कम जामीनदाराला भरावी लागते. म्हणून मुलाला ओळखणाऱ्यानेच उभे राहावे आणि त्याला दर तारखेला कोर्टात नेऊन उभे करावे.

आणि आतल्या माणसासाठी वकील परवडत नसेल, तर 1987 च्या विधी सेवा कायद्याने कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. पुणे जिल्हा प्राधिकरणाचे कार्यालय शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात आहे, फोन 15100. जाताना मुलाचे पूर्ण नाव, पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक, कोर्टाचे नाव आणि अटकेची तारीख एका कागदावर लिहून न्यावी. यातले काही माहीत नसेल, तर पुढच्या मुलाकातीत त्यालाच विचारून घ्यावे.