गप्प बसण्याची प्रार्थना

आम्हा वसईकर कॅथलिकांची प्रार्थना तशी बोलकी. संध्याकाळी घरात जपमाळ, रविवारी मिस्सा, अडीअडचणीला नोव्हेना. मागणं, आभार, गाऱ्हाणी. देवाला उसंत म्हणून नाही. तोंड मिटून नुसतं बसणं हीदेखील ख्रिस्ती प्रार्थनाच, हे मला शाळेतून निवृत्त झाल्यावर जॉन मेन वाचताना उमगलं.

मेन १९२६ साली लंडनमध्ये जन्मले. १९५०च्या दशकात ब्रिटिश सरकारच्या नोकरीत ते मलायात होते. कामानिमित्त क्वालालंपूरला स्वामी सत्यानंदांच्या आश्रमात गेले. तिथे अनाथाश्रम होता, शाळा होती. काम आटोपलं आणि बोलणं प्रार्थनेवर आलं. स्वामींनी सांगितलं ते अगदी साधं: सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास बसायचं, मनात एकच शब्द घोळवायचा. मेन ख्रिस्ती, म्हणून शब्दही ख्रिस्तीच हवा, हा आग्रह स्वामींचाच.

पुढे मेन लंडनच्या ईलिंग मठात बेनेडिक्टाइन संन्यासी व्हायला गेले. तिथल्या गुरूंनी बजावलं, ही पद्धत ख्रिस्ती नव्हे, सोडून दे. आणि त्यांनी ती सोडली! दहा वर्षांहून अधिक काळ. माझ्या मते त्यांच्या अख्ख्या साधनेतला सर्वांत कठीण भाग हाच. पटत नसताना ऐकणं आपल्याकडे सुनांनाच जमतं.

१९७०च्या दशकात, वॉशिंग्टनला मठाच्या शाळेचे मुख्याध्यापक असताना, त्यांनी जॉन कासियन पुन्हा वाचला. कासियन चौथ्या-पाचव्या शतकातला. इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांमध्ये राहून त्याने त्यांचे संवाद लिहून ठेवले. दहाव्या संवादात अब्बा आयझॅक सांगतात, देवाला मदतीला हाक मारणारी स्तोत्रातली एकच ओळ धर. उठता-बसता, जेवताना, झोप लागेपर्यंत ती सोडू नकोस. म्हणजे जे ‘आपलं नाही’ म्हणून टाकायला लावलं, ते घरच्याच पेटीत होतं.

मेन पुन्हा बसू लागले. १९७५ मध्ये ईलिंगला त्यांनी सर्वसामान्यांसाठी ध्यानगट सुरू केला, नंतर कॅनडात माँट्रियलला गेले. १९८२ साली ते वारले. त्यांचे शिष्य लॉरेन्स फ्रीमन यांनी काम पुढे नेलं, आणि १९९१ पासून त्याची जागतिक संघटना आहे.

त्यांनी सुचवलेला शब्द ‘मारानाथा’. अरामी भाषेतला, पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी येतो. अर्थ, प्रभू ये. मा-रा-ना-था, चारही अक्षरं सारख्या लयीत. मी पहाटे खुर्चीत ताठ बसते. दोन मिनिटांत शेजारची बोअरिंगची मोटर सुरू होते, मग वाडीच्या वाटणीचा वाद आठवतो, मग त्या वादात मी काय सुनवायला हवं होतं ते. विचाराशी भांडायचं नाही, शब्दाकडे परत यायचं. असं वीस मिनिटांत शंभरदा. आज ध्यान ‘चांगलं’ झालं का, हा हिशेबही मेन ठेवू देत नाहीत. मोबाइलवरची मनःशांतीची ॲप्स सलग किती दिवस बसलात ते मोजून शाबासकी देतात. मला ते पोरखेळच वाटतात.

‘हे हिंदूंचं आहे’ म्हणणारे आमच्या पॅरिशमध्येही भेटतात. त्यांना मी संत बेनेडिक्टांच्या नियमावलीतलं ४२वं प्रकरण दाखवते. रात्रीच्या जेवणानंतर संन्याशांनी एकत्र बसून काय वाचावं? कासियनचे संवाद.